ताताचा पाइप, दर रविवारी

वरची वस्ती, म्बाशे नदी
रविवार, २४ ऑगस्ट १९८६

प्रिय ताता,

आत्ताच तुमचा पाइप साफ करून उठलो. पत्राची सुरुवात कशी करावी ते तीन दिवस सुचत नव्हतं, म्हणून हातून नुकतं जे झालं तेच आधी लिहितो. हात राखेने दोनदा धुतले आहेत, तरी मेंढीच्या चरबीचा वास कागदाला लागेलच. तुम्हाला तो वास ओळखीचा वाटेल.

मी मालुसी. तुमचा मुलगा. अक्षर ओळखू येणार नाही, कारण तुम्ही पाहिलं ते चौदा वर्षांच्या मुलाचं होतं. सहावीनंतर शाळा सुटली, पण लिहिणं सुटलं नाही. दुकानावर टपाल येतं तिथे मी शनिवारी बसतो आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून देतो. लोक सांगतात ते मी उतरवतो आणि शेवटी वाचून दाखवतो. आज मला सांगणारं कोणी नाही, त्यामुळे जरा अडखळायला होतं. हे पत्र आधी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि आता नीट उतरवून काढतो आहे.

तुम्ही शेवटचे गेलात तो दिवस मला रोज आठवतो असं म्हटलं तर खोटं होईल, पण रविवारी आठवतोच. बस नदीपलीकडे उभी होती. आईने मला घरातून ओरडून सांगितलं की ताताचा पाइप भिंतीवरच राहिला, आणि मी तो घेऊन धावत सुटलो. बस सुरू झाली होती. तुम्ही खिडकीतून डोकं काढलंत आणि हसलात. म्हणालात, “गाढवा, एवढ्यासाठी धावलास? ठेव घरी. खाणीत आम्ही कागदात गुंडाळलेलीच ओढतो. साफ मात्र ठेवत जा. आलो की पहिला हाच ओढणार.” मागून कंडक्टर तुम्हाला आपल्या कुळाच्या नावाने ओरडला, “भेले, बसमध्ये बसायचं की इथेच पाइप ओढत बसायचं?” सगळे हसले. मीही हसलो. बस गेल्यावर मी तो पाइप दोन्ही हातांत धरून परत आलो, जसं कोणाचं दूध घेऊन यावं तसा, सांडू नये म्हणून.

साफ ठेव म्हणालात, म्हणून ठेवला. पण साफ कसा ठेवायचा ते तुम्ही दाखवलं नव्हतं. पहिल्या रविवारी मी तो विस्तवाशेजारी ठेवून गरम केला आणि दांडी ओढून काढली. गरम असताना दांडी काढायची नसते हे मला काय माहीत? तंबाखूच्या वाटीच्या मानेला केसाएवढी चीर गेली. मी दोन दिवस जेवलो नाही. शेवटी दुमालिसिले काकांकडे गेलो. ते म्हणाले, “माझा भाऊ परत आला की तुझी मान अशीच पिरगाळेल,” आणि मग तांब्याची बारीक तार तापवून त्यांनी ती चीर अशी बांधली की आता नक्षीच वाटते. त्यांनीच मला बाकीचं शिकवलं. थंड झाल्यावरच दांडी काढायची, तीही ओढून नाही, उजवीकडे वळवत. आतली काजळी चाकूने खरवडायची, पण लाकडापर्यंत जायचं नाही, नखाच्या जाडीएवढा थर राहू द्यायचा. तो थर गेला तर बाभळीचं लाकूड जळतं आणि धूर कडू येतो. दांडीत आधी वाळलेल्या गवताची काडी, मग कोंबडीचं पीस, आणि पीस पांढरं बाहेर येईपर्यंत पुन्हा पीस. वाटीवर शिशाची जी नक्षी आहे ती राखेने घासायची, शिसं काळं पडू द्यायचं नाही. सगळ्यात शेवटी चरबी आणि थोडं मेण, आणि जुन्या घोंगडीच्या तुकड्याने इतकं घासायचं की दाराचा उजेड त्यात दिसला पाहिजे. तोंडाकडचा तुकडा वेगळा काढून धुवायचा, आणि ते पाणी वाटेवर टाकायचं नाही, चुलीतल्या राखेत ओतायचं. हे शेवटचं आईने शिकवलं. माणसाची थुंकी ज्या गोष्टीला लागली ती कोणाच्या हाती पडू द्यायची नाही, यावर ती आपल्या वस्तीतल्या कोणाहीपेक्षा कडक आहे.

यातून मला एक नसती ख्याती मिळाली. वस्तीतल्या बायका आपले पाइप माझ्याकडे आणू लागल्या. कुठे कार्य असलं की आदल्या दिवशी आमच्या दारात लांब दांड्यांची रांग लागते. तोंडाकडचे तुकडे मात्र त्या आपल्या पदराला बांधूनच येतात, ते कोणी सोडत नाही. पलीकडची म्हातारी मामझिमा दर वेळी तेच म्हणते, “मालुसी, तुझ्या बायकोची मजा आहे बघ. ती नुसती फुंकणार, तू घासणार.” मी म्हणतो, बायको कुठे आहे? तर म्हणते, “तेच म्हणते रे मी, आधी बायको आण, मग घास काय घासायचं ते.” आई आतून ओरडते, “त्याला बायको मिळाली तर तिलाही राखेने घासून भिंतीला टांगेल तो!” मग सगळ्या जणी हसतात. आई फार दिवसांत असं काही बोललेली नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आईचा पाइप तुम्हाला आठवत असेल. हातभर लांब, दांडीवर पांढरे आणि निळे मणी, मध्ये एक पिवळा, तो कोणी चुकून ओवला ते तिला अजून सांगता येत नाही. मी झालो तेव्हा आजीने तो तिला दिला, बायकांच्या पंक्तीत बसायची तिची पाळी आली म्हणून. मला पाजताना निखारा माझ्यावर पडू नये म्हणून दांडी मुद्दाम लांब घेतली होती, असं ती सांगते. मी तो डोळे मिटून ओळखतो. तुमचा वीतभर, तिचा हातभर. दोन्ही एकापाठोपाठ साफ करायचे, आधी तुमचा.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. न ओढलेला पाइप वाळतो. लाकूड आकसतं, शिसं सुटतं, मग कितीही चरबी लावा. काकांनी मला हे सांगितलं होतं आणि मी काळजीत होतो की तुम्ही येईपर्यंत तो टिकणार कसा. मी लहान होतो, मला ओढायला परवानगी नव्हती, आणि मोठा झाल्यावरही बापाच्या पाइपला तोंड लावायची माझी छाती झाली नसती. पण पाइप वाळला नाही. दर रविवारी मी तो भिंतीवरून काढत असे, पुरुषांच्या बाजूच्या खुंटीवरून, आणि पीस आत घातलं की ओलं आणि काळं बाहेर येत असे. ताजं. आठवड्यातून कोणीतरी एकदा तरी तो भरत होतं. घरात आम्ही दोघंच. आई पुरुषांच्या बाजूला पाऊल टाकत नाही, निदान कोणासमोर टाकत नाही. मी कधी विचारलं नाही. ती कधी बोलली नाही. मी पीस चुलीत टाकायचो आणि ती भांडी घासत पाठमोरी बसायची. नऊ वर्षं असं चाललं.

माझा पुरुष होण्याचा विधी झाला तेव्हा काका तुमच्या जागी उभे राहिले. सगळं रीतसर झालं. डोंगरावरून उतरलो, नवी घोंगडी मिळाली, आणि पहिला पाइप काकांनीच भरून दिला. मला खोकला आला तर ते म्हणाले, “अगदी बापावर गेलास. तोही पहिल्या झुरक्याला असाच बोकडासारखा खोकला होता.” मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी एकदा खोकलो.

आता मेपासून पुढचं सांगतो. माझ्याबरोबर गुरं राखायचा तो फाकामिले खाणीतून परत आला. त्यांच्या खाणीत माणसं कमी केली. गुरांना औषधाच्या पाण्यातून काढायचा दिवस होता, आम्ही दोघं टाक्याच्या भिंतीवर बसून आपापली जनावरं मोजत होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझा बाप जिवंत आहे.” मी म्हटलं, कोणी सांगितलं? “सांगायला कशाला हवं? त्याने मला चहा पाजला.” मग त्याने सगळं सांगितलं. वेल्कॉमच्या खाणवस्तीतलं घर, पत्र्याचं पण नीट रंगवलेलं. ती बाई, जी रस्त्यावर भाजलेली कणसं विकते. दोन मुली. मोठीचे पुढचे दात माझ्यासारखे फाकलेले आहेत, असंही म्हणाला. तुमचे केस पिकलेत आणि खोकला आहे, धुळीचा. आणि तुम्ही त्याला घरी काही सांगू नकोस म्हणालात. “मी म्हटलं,” फाकामिले म्हणाला, “भेले, तुमचा पोरगा आता मिशा फुटलेला बाप्या झालाय. तर कपात बघत विचारलं, अजून लंगडतो का?”

ताता, मी लंगडा नव्हतो. त्या दिवशी बसमागे धावताना टाचेत काटा मोडला होता. दोन दिवसांत निघाला. तुम्ही नऊ वर्षं मला लंगडा समजत असाल तर आता समजू नका.

मी आईला काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, ती बाई आणि मुलीही. वाटलं, तिला तुम्ही हरवलेलेच चालताय, तसंच राहू दे. मी चुकलो, पण ते नंतर कळलं.

जूनमध्ये काकांची तीन वासरं एकामागोमाग मेली आणि त्यांच्या सुनेचं मूल पोटात गेलं. काका देवरुषी बाईकडे गेले, आम्हा सगळ्यांना घेऊन. तुम्हाला तिथली रीत माहीत आहे. ती बोलत जाते, आणि आपण टाळ्या वाजवून ‘मान्य’ म्हणत जायचं. बोल लागू पडत असेल तर मोठ्याने, नसेल तर हळू, म्हणजे ती दुसरीकडे वळते. ती म्हणाली, या घरातलं कोणीतरी उघड्यावर आहे. मान्य. त्याला थंडी वाजते. मान्य! तो लांब आहे, जमिनीखालच्या जागी गेला आणि वर आला नाही. तेव्हा सगळे एकदम ओरडले. मी हळू म्हणालो. शेजारी आत्या बसली होती, तिने कोपर मारलं. “तोंडात काय मका भरलाय? तुझ्याच बापाचं चाललंय!” मी समोर आईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती, मान खाली घालून, अगदी एका तालात. आणि मग मीही मोठ्याने म्हणालो. मान्य. मी जिवंत बापाला मेलेला मान्य केलं, ताता. मी हळूच म्हणत राहिलो असतो तर ती बाई कदाचित दुसरीकडे वळली असती. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

ठरलं असं की तुम्हाला घरी आणून पुरायचं. शरीर नाही तर तुमच्या वस्तू, गोठ्याच्या कुंपणाशी, आजोबांच्या शेजारी. काका खरंच रडले. म्हणाले, “माझा भाऊ नऊ वर्षं उघडा पडलाय आणि मी इथे घोंगडी घेऊन झोपतो!” त्यांच्यावर राग धरू नका. त्यांनी स्वतःची चांगली, गेरूने रंगवलेली घोंगडी दिली. काठी नवी कापून आणली, कारण तुमची तुम्ही घेऊन गेला होतात. तुमचं म्हणून घरात एकच उरलं होतं. काका मला म्हणाले, “चांगला घास. त्याला तिकडे मळका पाइप देऊन पाठवू नकोस.”

पाइपला तुमची थुंकी आहे. तो खाली गेला तर तुम्हीही जाणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तुमच्या छातीत आधीच खोकला. मी शुक्रवारी दिवसभर पाइप घासत बसलो, इतका की मामझिमा म्हणाली, “अरे, लाकूड संपेल!” मी वेळ काढत होतो. विचार असा होता की शनिवारी सकाळी घोंगडीच्या गुंडाळीतून तो काढून घ्यायचा आणि तेवढंच बाभळीचं लाकूड आत सरकवायचं. लाकूड मापाने कापूनही ठेवलं होतं. पण आईने माझ्या हातातून पाइप घेतला, माझ्याकडे पाठ करून स्वतः घोंगडीत गुंडाळला, सुई-दोरा घेऊन गुंडाळी चहूबाजूंनी शिवून टाकली, आणि ती मांडीवर घेऊन बसली ती उठलीच नाही. खड्ड्याकडे निघेपर्यंत गुंडाळी तिच्याजवळच होती.

१२ जुलैची सकाळ. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मुलाने खड्ड्यात उतरून घ्यायचं असतं, म्हणून मी उतरलो. काकांनी वरून गुंडाळी खाली दिली. मी दोन्ही हातांवर घेतली, आणि ताता, ती लांब होती. माझी बोटं मला न विचारता तिच्यावरून फिरली. घोंगडीच्या दोन घड्यांतूनही मणी लागले. चार, मग जागा, मग तीन. तोंडाकडचा तुकडाही लावलेलाच होता. मी वर पाहिलं. सगळ्या बायकांनी डोक्यावरून घोंगड्या ओढल्या होत्या, फक्त आईने ओढली नव्हती. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि मान हलवली, एवढीशी. नाही, म्हणून. वरून काका म्हणाले, “ठेव, पोरा. जड वाटतंच.” लोकांना वाटलं मी रडतो आहे म्हणून हलत नाही. मी तो खाली ठेवला. पहिली माती मीच टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईचं डोकं भादरलेलं, अंगावर काळं. तिने मक्याच्या कणगीत हात घातला आणि तुमचा पाइप काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, “घे. चरबी संपलीय, मामझिमाकडून माग.” मी म्हटलं, आई, खाली काय आहे ते मला ठाऊक आहे. “ठाऊक आहे तर बोलतोस कशाला?” मी म्हटलं, ताता जिवंत आहे हे तुला... “तुझ्या आधीपासून. पाच वर्षं झाली. त्या कणसं विकणाऱ्या बाईचंही माहीत आहे. आणखी काही?” मी विचारलं, मग मला दर रविवारी हे का करायला लावलंस? तर म्हणाली, “रविवारी बाकीची पोरं बिअर पिऊन एकमेकांची डोकी फोडतात. तू पाइप घासत बसतोस. माझं काय वाईट होतं?” मग मी विचारलं की स्वतःचा का घातलास. ती चुलीकडे वळली. म्हणाली, “काहीतरी घालायलाच हवं होतं. रिकाम्या खड्ड्यावर लोक माती टाकत नाहीत. त्याचा घातला असता तर तो मेला असता.” मी म्हटलं, आणि तू? “मी काय? ही बसलेय ना तुझ्यासमोर. जा, चरबी आण.”

त्यानंतर सहा रविवार झाले. सहाही रविवारी मी तुमच्या पाइपमध्ये पीस घातलं आणि ते पांढरंच बाहेर आलं. साफ करायला आत काही नसतं. आईला कोणी पाइप देऊ केला तर ती म्हणते, “माझा खाली आहे,” म्हणजे मनातल्या मनात म्हणत असणार. लोकांना सांगते की सुतकात नको. सगळ्यांना वाटतं नवऱ्याचं दुःख आहे. ती बोलते कमी. मका-घेवडा शिजवते तो माझ्यापुरता, स्वतः आंबट दुधाचे दोन घोट घेते. मागच्या आठवड्यात तिने आपले सगळे मणी मावशीच्या मुलीला देऊन टाकले. परवा मला बसवून कोणतं बी कोणत्या मडक्यात आहे ते सांगितलं. मी म्हटलं, हे मला कशाला सांगतेस, तू आहेस की. ती पुढचं मडकं उघडून दाखवायला लागली. मला भीती वाटते, ताता. मी भित्रा आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण ही भीती तसली नाही.

मी काकांना आडून विचारलं. खरं सांगणं शक्य नाही. बाईने पितरांच्या खड्ड्यात भलतंच घातलं असं झालं तर तिला वस्तीत कोणी उभं करणार नाही. कुंपण बांधत होतो तेव्हा सहज म्हटलं, काका, असा पुरलेला माणूस परत आला तर? ते हसायला लागले. “तर काय! त्याने स्वतः कुंपणाशी उभं राहून म्हणावं, हा मी. पहिलं ढेकूळ त्याच्या हाताने काढायचं, आतलं सगळं वर घ्यायचं, एक बकरा कापायचा, आणि मग मला नऊ वर्षांच्या शिव्या द्यायच्या.” मी विचारलं, दुसऱ्या कोणी उघडला तर? त्यांचं हसू गेलं. “दुसऱ्या कोणी नाही. ज्याचा खड्डा त्यानेच.”

म्हणून हे पत्र. तुम्ही घरी राहायला या असं मी म्हणत नाही. ती बाई आणि त्या दोन मुली, त्यांची नावंही मला माहीत नाहीत आणि ती मला फार माहीत करून घ्यायची आहेत. त्यांना सोडा असं मी कसं म्हणेन? फक्त एकदा या. काकांसमोर उभे राहा, हा मी म्हणा, आणि आईचा पाइप वर काढा. मग हवं तर त्याच बसने परत जा, मी अडवणार नाही. मोठीला बरोबर आणलंत तरी चालेल. बकरा मी वेगळा बांधला आहे, पांढरा, एका कानावर काळा. फाकामिले उद्या वेल्कॉमला कामाच्या शोधात निघतो आहे. हे पत्र तो तुमच्या हातात देईल आणि उत्तर मिळेपर्यंत तुमच्या दारातून हलणार नाही. तसं त्याने मला कबूल केलं आहे. कोणी आपल्याकडच्याने तिथे तुम्हाला सांगितलं असेल की तुम्हाला इथे पुरलं, आणि त्या धसक्याने तुमचा खोकला वाढला असेल, तर घाबरू नका. त्या खड्ड्यात तुमचं काही नाही. जे आहे ते तिचं आहे. शुक्रवारची बस शनिवारी दुपारी नदीवर येते, मी दर शनिवारी तिथे उभा असेन. रात्रीच्या बसने मात्र येऊ नका, ताता. अंधारात दिसलात तर लोक पळतील आणि तुम्हाला मेलेलाच समजतील. दिवसा या. चढावाने सावकाश या, सगळ्यांना नीट दिसाल असे.

तुमचाच,
मालुसी